२४ गिगापास्कलखाली: ब्रिजमनाइटचा स्फटिक वाढवून त्याची रचना काढेपर्यंत

पृथ्वीवर सर्वात जास्त असलेलं खनिज कोणतं, असं विचारलं तर बहुतेक जण क्वार्ट्‌झ नाहीतर फेल्डस्पार सांगतात. खरं उत्तर ब्रिजमनाइट. पृथ्वीच्या एकूण आकारमानाचा सुमारे ३८ टक्के भाग या एकाच खनिजाचा, पण ते सगळं ६६० किलोमीटरच्या खाली. घटक साधेच आहेत, मॅग्नेशियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन, सोबत थोडं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम. अणूंची रचना मात्र पेरोव्हस्काइट नावाच्या खनिजासारखी. निसर्गातला नमुना हाताला लागतो तो उल्कापाषाणांत. ऑस्ट्रेलियात १८७९ साली पडलेल्या टेनहॅम उल्केतल्या कणांवरून २०१४ मध्ये त्याला अधिकृत नाव मिळालं. हे नाव पर्सी ब्रिजमन यांचं. उच्च दाबावरच्या कामासाठी त्यांना १९४६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. आणि आपल्या नागपूर जिल्ह्यात काटोलला २२ मे २०१२ रोजी पडलेल्या उल्केतही ब्रिजमनाइट असल्याचा शोधनिबंध २०२१ मध्ये आला. मी तेव्हा नागपूरलाच एम.एस्सी. करत होते. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी काटोल पाहिलेलं होतं, त्यामुळे तो निबंध आम्ही अक्षरशः वाटून वाचला.

उल्केतले हे कण इतके बारीक असतात की रोजच्या एक्स-रे यंत्रावर त्यांच्या एकेका स्फटिकाचं मापन करणं शक्य नसतं. अणू नेमके कुठे बसलेत हे नीट मोजायचं तर स्फटिक मुद्दाम मोठा वाढवावा लागतो. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी ते करायचं ठरवलं आणि त्यासाठी जर्मनीत बायरॉइटला राहून आले. तिथल्या बायेरिशेस जिओइन्स्टिट्यूटमध्ये या कामाची मोठी परंपरा आहे. परत आल्यापासून भूशास्त्राची आणि रसायनशास्त्राची मुलं मेसेज करून विचारतात, की नेमकं काय काय करावं लागतं. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे.

पहिलं पत्र मी नोव्हेंबर २०२२ मध्ये पाठवलं. त्यात फक्त एक पानी टिपण होतं: कोणता पदार्थ, कोणता दाब, किती तापमान, हाती किती मोठा स्फटिक हवा आणि तो कशासाठी. मोठा बायोडेटा जोडण्यापेक्षा हे एक पान कामाला आलं, असं मला नंतर तिथे सांगितलं गेलं. प्रेसचं, म्हणजे नमुन्यावर प्रचंड दाब देणाऱ्या यंत्राचं, वेळापत्रक आठवडे आधी ठरतं. तुमच्या प्रयोगाला कोणती प्रेस लागेल हे त्यांना पहिल्या पत्रातच कळलं तर होकार लवकर येतो. मला जानेवारीत आला.

मग कागदपत्रं. विद्यार्थी म्हणून जाणाऱ्या भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (जर्मनीसाठी केलेली आपल्या पदव्यांची पडताळणी) लागतं, त्याची फी १८,००० रुपये होती. माझ्याकडे संशोधक म्हणून यजमान संस्थेचा करार होता, त्यामुळे ते लागलं नाही. आपला व्हिसा नेमका कोणत्या प्रकारचा, हे यजमानांकडून लेखी घ्या, कारण पुढची सगळी यादी त्यावर बदलते. करार, शिष्यवृत्तीचं पत्र, आरोग्य विमा, पदवीच्या मूळ प्रती, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. पदवी प्रमाणपत्र प्रोव्हिजनलवर भागवू नका, मूळ प्रत आधीच काढून ठेवा. व्हिसाची फी ७५ युरो, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पैशांपेक्षा त्रास झाला तो अपॉइंटमेंटचा. महिनाभर रोज सकाळी उठून आधी संकेतस्थळ उघडायचं आणि मग चहा, असं चाललं होतं. जूनमध्ये मुंबईची तारीख मिळाली आणि ऑगस्टच्या शेवटी पासपोर्ट घरी आला. त्या मधल्या काळात मी दाबाखालच्या प्रावस्थांचे (कोणत्या दाब-तापमानाला पदार्थाचं कोणतं रूप टिकतं, याचे) आलेख इतके गिरवले की पुढे प्रेससमोर बसल्यावर पुस्तक उघडावं लागलं नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये पोचले. दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा वेगळा कागद लागतो. भाडेकरारावर काम होत नाही. खोली ठरवतानाच तो कागद मागून घ्या. नोंदणी झाली की थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो. ती घरामागे असते, माणसामागे नाही, म्हणून एकत्र राहणाऱ्यांनी वाटून घ्यावी.

आता मुख्य काम.

कच्चा माल म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड आणि सिलिका. मॅग्नेशियम ऑक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे बाटलीतून काढून थेट वजन केलं तर प्रमाण चुकतं. दोन्ही भुकट्या १,००० अंशाला भाजायच्या, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद बरणीत) गार करायच्या आणि लगेच तोलायच्या. एक ग्रॅम मिश्रणाला ०.४०१५ ग्रॅम ऑक्साइड आणि ०.५९८५ ग्रॅम सिलिका. अगेटच्या खलात इथेनॉल घालून तासभर घोटायचं, मग १,६५० अंशाच्या आसपास वितळवून पाण्यात ओतायचं, की काच तयार. ही काच कुटून तिच्यात थोडं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड मिसळलं. दाबाखाली त्यातलं पाणी सुटतं, सिलिकेट त्यात विरघळतं आणि जराशा थंड टोकाकडे जाऊन स्फटिकाच्या रूपात बसतं. कोरड्या मिश्रणातून बहुधा बारीक दाण्यांचा गठ्ठा मिळतो. पाण्यामुळे मोजके पण मोठे स्फटिक वाढतात. जपानमधल्या प्रयोगशाळांनी या वाटेने मिलिमीटरच्या घरातले स्फटिक वाढवलेले आहेत. मला तेवढे मोठे नको होते, पण वाट तीच धरली.

मल्टी-अ‍ॅन्व्हिल प्रेसबद्दल वाचून जी भीती वाटते, ती जुळणी शिकताना जाते. टंगस्टन कार्बाइडचे ३२ मिलिमीटरचे आठ घन असतात. प्रत्येकाचा एक कोपरा कापून तिथे त्रिकोणी सपाट तोंड केलेलं असतं. आठ कापलेले कोपरे मध्ये समोरासमोर आणले की आत अष्टफलकाच्या आकाराची पोकळी उरते. त्या पोकळीत मॅग्नेशियम ऑक्साइडचा अष्टफलक बसतो. आमचा १० मिलिमीटर कडेचा होता आणि घनाचं कापलेलं तोंड ४ मिलिमीटरचं. अष्टफलकाला आरपार भोक, भोकात लॅन्थॅनम क्रोमाइटची नळी, ही आपली भट्टी. नळीच्या आत मॅग्नेशियाची बाही, तिच्या आत प्लॅटिनमची कॅप्सूल. कॅप्सूल साबुदाण्याच्या दाण्याहून फार मोठी नसते आणि आपला सगळा माल तेवढ्यातच मावतो. कॅप्सूलची दोन्ही तोंडं वेल्ड करून बंद करायची आणि वेल्डच्या आधी व नंतर वजन करायचं. वजन घटलं असेल तर पाणी निसटलं, ती कॅप्सूल बाजूला ठेवायची. शेवटी तापमान मोजायला टंगस्टन-रेनियमच्या तारांचं थर्मोकपल. या तारा हाताला टोचतात, वाकवल्या की मोडतात, आणि त्यांची टोकं एकमेकांवर बरोबर कॅप्सूलच्या डोक्याशी यावी लागतात. हे जमायला मला सर्वात जास्त वेळ लागला. तिथल्या तंत्रज्ञांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: प्रत्येक पायरीनंतर मल्टिमीटर लाव. घनांच्या कडांना पायरोफिलाइट या मऊ दगडाच्या पट्ट्या, म्हणजे गॅस्केट, चिकटवल्यावर, तारा बाहेर काढल्यावर, आठही घन जोडून झाल्यावर, आणि प्रेसमध्ये ठेवल्यावर पुन्हा एकदा. प्रेस बंद झाली की आत काही दुरुस्त करता येत नाही.

दाब चढवायला चार तास. २४ गिगापास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ २,४०,००० पट. इतका दाब आत थेट मोजता येत नाही. प्रेसच्या तेलाच्या दाबाला आतला किती दाब, हे आधी प्रमाणित करून ठेवलेलं असतं. झिंक सल्फाइड, गॅलियम फॉस्फाइड असे पदार्थ ठराविक दाबाला एकाएकी विद्युतवाहक होतात, त्या खुणांवरून तो तक्ता बनवतात. तुमच्या जुळणीचा तक्ता कधीचा आहे आणि त्याच आकाराच्या अष्टफलकावर केलेला आहे का, हे जरूर विचारा. मग भट्टी चालू करायची, मिनिटाला १०० अंशांच्या बेताने १,६०० पर्यंत. तिथे कित्येक तास धरून ठेवायचं, हळूहळू थोडं उतरवायचं आणि शेवटी वीज तोडायची. वीज तोडताच काही सेकंदांत नमुना गार होतो. म्हणूनच ब्रिजमनाइट ब्रिजमनाइट म्हणून वर येतं. दाब उतरताना नमुना गरम असता तर ते टिकलं नसतं.

दाब उतरवायला मात्र रात्रभर लागतो, बारा तासांहून जास्त. गॅस्केट फुटण्याचा धोका सर्वात जास्त याच वेळी असतो. मोठा आवाज होतो आणि घनही तडकू शकतात. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. आईचा फोन आला, "झालं का गं तुझं?" मी म्हटलं, "अजून दाब उतरतोय." तिने सकाळी पुन्हा विचारलं आणि उत्तर तेच होतं. पुढच्या प्रयोगांना मात्र मी संध्याकाळी प्रेस लावून सरळ घरी जाऊन जेवत असे. त्या रात्री करण्यासारखं आपल्या हाती काही नसतं, म्हणून झोपून घ्यावं आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी कॅप्सूल उघडावी.

नोव्हेंबरमधल्या पहिल्या कॅप्सूलमध्ये सुंदर, पारदर्शक स्फटिक होते. रामन यंत्राखाली (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून खनिज ओळखणारं यंत्र) धरले तर आलेखात ८०० प्रति सेंटिमीटरच्या जवळ उंच शिखर आलं. हे अकिमोटोआइट. तेच रासायनिक सूत्र, पण रचना इल्मेनाइटची, जरा कमी तापमानाला स्थिर. ब्रिजमनाइटची शिखरं अगदी मंद असतात, ३८० आणि ५०० च्या आसपास, आणि ती पाहायला संयम लागतो. कॅप्सूलच्या गरम टोकाला ती दिसली, थंड टोकाला नाही. म्हणजे स्फटिक जिथे वाढत होते ते टोक प्रावस्थारेषेच्या पलीकडे पडत होतं. पुढच्या प्रयोगांत तापमान वाढवलं आणि कॅप्सूल भट्टीच्या मध्याकडे सरकवली. एकदा दाब चढतानाच थर्मोकपलची तार तुटली. प्रयोग थांबवला नाही, आधीच्या नोंदींवरून किती वॅटला किती अंश हे माहीत होतं, त्यावर चालवला. त्यासाठी प्रत्येक प्रयोगात वॅट आणि तापमान दोन्ही वहीत लिहीत चला. जानेवारी २०२४ च्या अखेरीस ज्या कॅप्सूलमधून माझा अंतिम स्फटिक आला, ती याच तार तुटलेल्या प्रयोगाची.

कॅप्सूल उघडल्यावरच्या काळजीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण याबद्दल निबंधांत एक ओळसुद्धा नसते. आपल्या दाबाला ब्रिजमनाइट हे तग धरून राहिलेलं असतं, स्थिर नसतं. तापवलं की काच होतं. जोराने खललं तरी काच होतं. रामनचा लेझर तीव्र ठेवला किंवा इलेक्ट्रॉन किरण एका जागी रोखून धरला तरी तिथली रचना मोडते. म्हणून पॉलिश पाण्याखाली आणि हलक्या हाताने, लेझर कमीत कमी शक्तीवर, आणि नमुना बसवायला गार स्थितीत घट्ट होणारा इपॉक्सीच. गरम करून लावायचा डिंक मी हाताळलासुद्धा नाही. इलेक्ट्रॉन किरणांनी रासायनिक घटक मोजणारा मायक्रोप्रोब सर्वात शेवटी, आणि ज्या स्फटिकाची रचना काढायची त्याला तर कधीच नाही. त्याच कॅप्सूलमधला शेजारचा स्फटिक रासायनिक पृथक्करणाला द्यायचा.

आता निवड. माझ्या मते या सगळ्या कामातला निर्णायक भाग प्रेसचा नाही, सूक्ष्मदर्शकाचा आहे. ब्रिजमनाइटच्या एकक कोष्ठाच्या (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वात लहान ठोकळ्याच्या) कडा ४.७८, ४.९३ आणि ६.९० अँगस्ट्रॉम. पहिल्या दोघांना दोनाच्या वर्गमुळाने भागा आणि तिसरीला दोनाने: ३.३८, ३.४९, ३.४५. तिन्ही इतक्या जवळ की रचना जवळजवळ घनाकार भासते. वाढत्या स्फटिकाच्या एका भागाची लांब कड एका दिशेला, शेजारच्या भागाची दुसऱ्या दिशेला, असं सहज होतं. हेच ट्विनिंग, म्हणजे जुळे स्फटिक. बाहेरून एकसंध दिसणाऱ्या तुकड्यात असे दोन-तीन भाग दडलेले असतात आणि मग विवर्तनाचे, म्हणजे स्फटिकातून वळून आलेल्या एक्स-रेचे, ठिपके एकमेकांवर बसतात.

म्हणून आडव्या-उभ्या पोलरायझरखाली काचपट्टी ठेवून प्रत्येक तुकडा फिरवून पाहायचा. चांगला स्फटिक एका कोनाला सगळाच्या सगळा एकदम काळा होतो. जुळ्यात एखादी उजळ पट्टी राहतेच. पट्टी कधी इतकी बारीक असते की एका बाजूने दिसत नाही, म्हणून तुकडा उलटा करूनही बघावा. ५० ते ८० मायक्रॉनचा तुकडा उलटा करायला अ‍ॅक्युपंक्चरची सुई सर्वात सोयीची. तेलाच्या थेंबात काम करा, नाहीतर सुईला स्पर्श होताच तुकडा उडतो आणि पुन्हा सापडत नाही. फेब्रुवारीचा बहुतेक भाग माझा यातच गेला. एका दुपारी एक ठोकळ्यासारखा, रंगहीन तुकडा फिरवला आणि तो कडेपासून कडेपर्यंत एकाच क्षणी विझला. उलटा केला, तरी तसाच. मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला बोलावून दाखवला. तिने पाहिलं, मान हलवली आणि न बोलता मला काचतंतू आणि डिंक आणून दिला.

विवर्तनाचं यंत्र मॉलिब्डेनमच्या किरणांचं होतं. आधी वीस-पंचवीस मिनिटांची झटपट चाचणी घ्यायची आणि किती ठिपके एकाच कोष्ठात बसतात ते पाहायचं. दहा टक्के जरी उरले तरी तो स्फटिक सोडून द्यायचा. माझ्या स्फटिकाचे जवळजवळ सगळे बसले, तेव्हा मार्चमध्ये पूर्ण डेटा घेतला, शक्य तितक्या मोठ्या कोनापर्यंत. रचना पीबीएनएम या अवकाशगटाची, म्हणजे या सममितीच्या प्रकाराची. प्रत्येक ठिपक्याला एच, के, एल असे तीन अंक असतात. शून्य-के-एल मध्ये के विषम असलेले आणि एच-शून्य-एल मध्ये एच आणि एल यांची बेरीज विषम असलेले ठिपके गैरहजर असतात. ते खरंच गैरहजर आहेत का, हे संगणकावर विसंबून न राहता चित्रांवर स्वतः पाहा. जुळ्या स्फटिकात तिथे नेमके खोटे ठिपके उगवतात.

या रचनेची पहिली एकस्फटिक मोजणी होरिउची, इतो आणि वाइडनर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचे आकडे समोर होते, तरी मी रचना पहिल्यापासून सोडवली. अवघड नव्हतं. मॅग्नेशियमचं एक स्थान, सिलिकॉनचं एक, ऑक्सिजनची दोन. सममितीमुळे मोकळे सहनिर्देशक उरतात फक्त सात. त्या सात आकड्यांत पृथ्वीच्या एक तृतीयांशाहून जास्त भागाची रचना सामावलेली आहे, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. सिलिकॉनभोवती सहा ऑक्सिजन, १.७८ ते १.८० अँगस्ट्रॉमवर. आपल्या पायाखालच्या खडकांत त्याच्याभोवती चारच असतात आणि अंतर १.६२ च्या आसपास. अष्टफलक एकमेकांशी कोपऱ्यांनी जोडलेले, पण तिरपे कललेले, आणि त्या कलण्यामुळे मधल्या मॅग्नेशियमला जवळचे शेजारी बाराऐवजी आठ उरतात. घनता घनसेंटिमीटरला ४.१० ग्रॅम आली. तेच सूत्र असलेल्या एन्स्टाटाइटची ३.२.

रिफाइनमेंट, म्हणजे रचनेचे आकडे डेटाशी जुळवत नेण्याचं काम, एप्रिलमध्ये सुरू केलं. अवशेषाचा आकडा (रचना आणि डेटा यांतली उरलेली तफावत) अडीच टक्क्यांच्या खाली आला तरी लगेच थांबू नका. अणूंच्या कंपनांचे लंबगोल पाहा. एखादा फारच चपटा असेल तर कुठेतरी शोषणाची दुरुस्ती राहिलेली असते किंवा बारीकसं जुळं लपलेलं असतं. आणि एक्स-रेला हायड्रोजन जवळजवळ दिसत नाही. पाण्यातून वाढवलेल्या स्फटिकात थोडं पाणी शिरलं आहे का, हे इन्फ्रारेडनेच ठरवावं लागतं. हा माझा वेगळा महिना गेला.

रचनेची फाइल तपासणाऱ्या चेकसीआयएफ या संगणकीय सेवेने पहिल्याच वेळी अवकाशगटाची मांडणी प्रमाण नाही म्हणून शेरा दिला. प्रमाण मांडणी पीएनएमए, खनिजशास्त्रात सगळे वापरतात पीबीएनएम. मी पीबीएनएमच ठेवली, कारण जुन्या सगळ्या आकड्यांशी तुलना तशीच होते, आणि फाइलमध्ये एका ओळीत कारण लिहिलं. बिल्बाओच्या मोफत स्फटिकशास्त्रीय सर्व्हरवर एका मांडणीतून दुसरीत जाता येतं. तिथे जाऊन सहनिर्देशक उलटून-पालटून एकदा तपासाच. रचना केंब्रिजच्या संग्रहात जमा करायला पैसे लागत नाहीत, क्रमांक थोड्याच दिवसांत येतो, आणि तो नियतकालिकाला निबंध पाठवतानाच मागतात.

परत येताना स्फटिक काचतंतूंवरच, छोट्या पारदर्शक डबीत, हातातल्या सामानात आणले. सोबत संस्थेच्या लेटरहेडवर पत्र होतं: कृत्रिम मॅग्नेशियम सिलिकेट, वजन एक मिलिग्रॅमहून कमी, विषारी नाही, किरणोत्सारी नाही, व्यापारी मूल्य नाही. विमानतळावर ते पत्र एकदा मागितलं, वाचलं आणि परत दिलं. आता पुढची पायरी हाच स्फटिक हिऱ्यांच्या सेलमध्ये, म्हणजे दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये, दाबून मोजण्याची, आणि त्याला सिंक्रोट्रॉन या मोठ्या यंत्राचे अतितीव्र एक्स-रे लागतात. हॅम्बुर्गच्या डेझी केंद्रात अर्ज वर्षातून दोनदा घेतात, मार्चच्या आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला. ज्यांना या वाटेने यायचं आहे त्यांनी अर्जात घरच्या यंत्रावरच्या डेटाचं एक चित्र जरूर जोडावं. माझा अर्ज सध्या लिहून होतोय.